अवकाशयानांची हाताने जोडणी आणि तिचा संगणकावरील सराव

१. गोल होडीचा धडा

म्हैसूर जिल्ह्यातील बन्नूर हे गाव कावेरीच्या खोऱ्यात, म्हैसूर शहरापासून सुमारे २५ किलोमीटरांवर वसलेले आहे. कावेरीच्या या प्रदेशात कामट्यांची विणलेली, परातीसारखी गोल होडी फार पूर्वीपासून वापरात आहे. कन्नड भाषेत तिला ‘हरिगोलु’ असे म्हणतात. या होडीला नाक नाही, शेपूट नाही आणि सुकाणूही नाही. नवख्या माणसाने एका बाजूला वल्हे मारले की ती पुढे सरकण्याऐवजी स्वतःभोवतीच गरगर फिरू लागते. फिरणे थांबावे म्हणून तो दुसऱ्या बाजूला वल्हे मारतो, तो ती उलट दिशेने फिरू लागते. सराईत नावाडी मात्र थोडे थोडे वल्हे मारतो, होडीचा कल पाहतो आणि मगच पुढचा हात उचलतो. पलीकडच्या धक्क्याला होडी लागते ती अगदी अलगद.

सरकणे ही एक गोष्ट आणि फिरणे ही दुसरी, हा या होडीचा पहिला धडा होय. हात मारण्यापूर्वी मागच्या हाताचा परिणाम पाहावा, हा दुसरा. पृथ्वीपासून शेकडो किलोमीटर उंचीवर एक अवकाशयान दुसऱ्याला जोडावयाचे असते तेव्हा हेच दोन धडे उपयोगी पडतात. भेद एवढाच की, नदीचे पाणी नवशिक्याच्या चुका हळूहळू शोषून घेते. अवकाशात पाणी नाही, हवा नाही; तेथे केलेली चूक आपणहून कधीच विरत नाही. म्हणून अवकाशात जाण्यापूर्वी ती चूक जमिनीवरच, जेथे तिच्यामुळे कोणाचा जीव जात नाही अशा ठिकाणी, अनेकदा करून पाहावी लागते. त्यासाठी जी साधने निर्माण झाली त्यांतील सर्वांत साधे साधन आज शाळेच्या संगणकावरही चालू शकते. त्याचा परिचय करून देणे, आणि त्याने काय शिकता येते व काय येत नाही हे सांगणे, हा या पाठाचा हेतू आहे.

२. जोडणी म्हणजे काय?

दोन अवकाशयाने कक्षेत एकमेकांजवळ येऊन यांत्रिक कड्यांनी घट्ट बांधली जाणे, याला जोडणी किंवा ‘डॉकिंग’ असे म्हणतात. जोडणी झाली की एका यानातील माणसे, इंधन, पाणी, अन्न किंवा वीज दुसऱ्यात नेता येते. ज्याला एकाच अग्निबाणाने उचलणे शक्य नाही असे मोठे अवकाशस्थानक तुकड्यातुकड्यांनी उभारता येते, ते केवळ या क्रियेमुळेच.

जोडणीच्या वेळी यानाच्या एकंदर सहा हालचालींवर ताबा ठेवावा लागतो. त्यांपैकी तीन सरकण्याच्या आहेत : पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली. उरलेल्या तीन फिरण्याच्या आहेत : नाक वर-खाली करणे, नाक डावीकडे-उजवीकडे वळविणे आणि झोपेत माणूस कूस बदलतो त्याप्रमाणे स्वतःच्या लांबीभोवती वळणे. रस्त्यावरील मोटार चालविणाऱ्याला फक्त पुढे-मागे जाणे व वळणे एवढेच सांभाळावे लागते, आणि वळणेही पुढे जाण्याबरोबरच होते. अवकाशयान मात्र एका दिशेला तोंड करून दुसऱ्याच दिशेला सरकत राहू शकते. सहा हालचाली एकमेकींपासून स्वतंत्र असल्यामुळे डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रातून कोणती चूक सरकण्याची आणि कोणती फिरण्याची, हे ओळखणे हेच नवशिक्याचे पहिले काम ठरते.

यानाच्या अंगावर निरनिराळ्या दिशांना तोंड केलेली लहान लहान झोतयंत्रे बसविलेली असतात. त्यांना ‘थ्रस्टर’ म्हणतात. त्यांतून क्षणभर वायूचा झोत सोडला की यानाला उलट दिशेने हलकासा धक्का मिळतो. सहाही हालचाली अशा धक्क्यांनीच घडवून आणावयाच्या व अशाच धक्क्यांनी थांबवावयाच्या असतात.

३. पडद्यावरील यान

मे २०२० मध्ये अमेरिकेतील स्पेसएक्स या कंपनीचे ‘क्रू ड्रॅगन’ यान प्रथमच माणसांना घेऊन आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाकडे निघाले. त्याच महिन्यात कंपनीने सर्वसामान्य लोकांसाठी संगणकावर चालणारा एक सरावखेळ खुला केला. यानातील अंतराळवीरांपुढे जसा पडदा असतो, तशाच धर्तीचा पडदा या खेळात दिसतो. मध्यभागी स्थानकाचे चित्र व त्यावरील लक्ष्य. एका बाजूला सरकण्याची बटणे, दुसऱ्या बाजूला फिरण्याची बटणे. आणि भोवती आकडे. काही आकडे अंतर किती उरले व स्थिती किती चुकली हे सांगतात, तर काही ती चूक कोणत्या गतीने वाढत वा कमी होत आहे हे सांगतात. चुका दाखविणारे सर्व हिरवे आकडे ०.२ च्या आत आणले आणि यान हळूहळू पुढे नेले, तरच जोडणी यशस्वी होते.

आता असे समजू की, बन्नूरमधील एखाद्या शाळेत एक विद्यार्थिनी या खेळापुढे प्रथमच बसली आहे. स्थानक दूर दिसते. ती ‘पुढे’ हे बटण दाबते. काहीच घडलेसे वाटत नाही. म्हणून ती पुन्हा दाबते, आणखी दाबते. प्रत्येक दाबासरशी यानाचा वेग दर सेकंदाला ५ सेंटीमीटरांनी वाढतो असे मानले, तर वीस वेळा दाबल्यावर तो सेकंदाला १ मीटर होतो. आता स्थानक झपाट्याने मोठे दिसू लागते. विद्यार्थिनी बटणावरून हात काढते, पण यान थांबत नाही. सायकलचे पायडल मारणे सोडले की सायकल मंद होते, ही तिच्या पायांची आजवरची सवय. ती येथे तिला फसविते. थांबावयाचे असेल तर ‘मागे’ हे बटणही बरोबर वीस वेळा दाबावे लागेल. एकोणीस वेळा दाबले तर यान पुढे सरकतच राहील. एकवीस वेळा दाबले तर मागे जाऊ लागेल.

न्यूटनचा गतिविषयक पहिला नियम पाठ्यपुस्तकात एका वाक्यात दिलेला असतो. बाहेरून बल लागू झाले नाही तर गतिमान वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत जात राहते, हे वाक्य परीक्षेत अचूक लिहिणारे असंख्य विद्यार्थी असतात. तथापि हातांना ते वाक्य ठाऊक नसते. घर्षणाच्या जगात वाढलेल्या हातांना ते शिकविण्याचे काम असा खेळ करतो.

म्हणून अनुभवी खेळाडू एक क्रम पाळतो. प्रथम तो फिरण्याच्या तिन्ही चुका शून्यावर आणतो, कारण यान वाकडे असताना ‘पुढे’ या शब्दाचा अर्थच वाकडा असतो. मग तो डावी-उजवी व वर-खाली ही सरळ रेष साधतो. त्यानंतरच पुढे जातो. प्रत्येक बटण एकदाच दाबून तो थांबतो आणि आकडा कसा बदलतो ते पाहतो. स्थानक जवळ येईल तसा वेग कमी करीत नेतो. २०० मीटर अंतर सेकंदाला २० सेंटीमीटर वेगाने कापावयास १,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ १७ मिनिटे लागतात. ही १७ मिनिटे धीराने काढणे हाच या खेळातील खरा अवघड भाग होय.

४. पुढे ढकलावे तर मागे राहावे

येथपर्यंतचा विचार यान रिकाम्या अवकाशात तरंगत आहे असे मानून केला. प्रत्यक्षात यान व स्थानक दोन्ही पृथ्वीभोवती फिरत असतात. आंतरराष्ट्रीय स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर वेगाने जाते आणि ९२–९३ मिनिटांत एक प्रदक्षिणा पुरी करते. या फिरण्यामुळे एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट घडते.

जून १९६५ मध्ये अमेरिकेच्या ‘जेमिनी ४’ यानातून जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच अग्निबाणाच्या सुट्या झालेल्या टप्प्याजवळ यान नेण्याचा प्रयत्न केला. मॅकडिव्हिट कसलेले वैमानिक होते. लक्ष्याकडे तोंड करून जोर लावावा, ही वैमानिकाची सवय. परंतु जोर लावूनही लक्ष्य हाती येईना. बरेच इंधन खर्ची पडल्यावर तो प्रयत्न सोडून द्यावा लागला.

याचे कारण असे. कक्षेत पुढे जाणाऱ्या यानाचा वेग थोडा वाढविला की ते किंचित उंच कक्षेत चढते. उंच कक्षेची वाट लांब असते व तेथील सरासरी गती मंद असते. त्यामुळे पुढे ढकललेले यान काही वेळाने मागेच पडते. उलट वेग कमी केला तर यान खाली उतरते आणि पुढे निघून जाते. आकडेमोडीने पाहावयाचे तर, स्थानकाच्या कक्षेत यानाचा वेग सेकंदाला केवळ १० सेंटीमीटरांनी वाढविला, तरी एका प्रदक्षिणेनंतर ते सुमारे १.७ किलोमीटर मागे पडलेले आढळेल. त्याचप्रमाणे, एक यान दुसऱ्याहून फक्त १० मीटर खालच्या वर्तुळाकार कक्षेत असेल तर प्रत्येक प्रदक्षिणेत ते सुमारे ९४ मीटर पुढे सरकेल.

मग सरळ पुढे जाण्याचा सराव व्यर्थ ठरतो काय? तसे नाही. हा परिणाम अल्प काळात लहान असतो. सेकंदाला १० सेंटीमीटर वेगाने निघालेले यान पहिल्या मिनिटात सुमारे ६ मीटर पुढे जाते आणि त्याच वेळी सुमारे ४० सेंटीमीटर वर चढते. चाळीस सेंटीमीटर दूरवरून क्षुल्लक वाटतात, परंतु जोडणीच्या कड्यांना बाजूची चूक फार तर १० सेंटीमीटरांच्या आसपास चालते. अर्थात शेवटच्या टप्प्यात यान जवळजवळ सरळ रेषेत जाते खरे, पण ते आपणहून त्या रेषेवर राहत नाही. लहान लहान धक्क्यांनी त्याला सतत रेषेवर आणावे लागते.

जेथे अंतर लांब असते तेथे मात्र डोळ्यांवर नव्हे, गणितावरच विसंबावे लागते. नोव्हेंबर १९६६ मध्ये ‘जेमिनी १२’ यानाच्या रडारने ऐन वेळी दगा दिला. यानात बझ ऑल्ड्रिन होते. कक्षेतील भेटीचे मार्गदर्शन कसे करावे, याच विषयावर त्यांनी १९६३ मध्ये डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला होता. त्यांनी षष्ठक यंत्र आणि छापील कोष्टके यांच्या साहाय्याने लक्ष्यापर्यंतचा मार्ग काढला आणि जोडणी पार पडली.

५. जमिनीवरील अवकाश

संगणकाच्या पडद्यावर चित्रे काढणे सुलभ होण्यापूर्वी सरावयंत्रे लोखंडाची असत. अमेरिकेच्या लँगली संशोधन केंद्रात १९६३ मध्ये असे एक भव्य यंत्र उभारण्यात आले. एका मोठ्या हँगरच्या छताखाली पूर्ण आकाराचे नकली यान तारांनी लटकविले होते. आत बसलेला अंतराळवीर दांड्या हलवी आणि वरील यंत्रणा यानाला त्याप्रमाणे सहाही प्रकारे हलवून समोरच्या नकली लक्ष्याकडे नेई. दृश्य खोटे होते, परंतु हाताला मिळणारा प्रतिसाद खऱ्यासारखा होता. एखाद्या खऱ्या वस्तूच्या वर्तनाचे नियम घेऊन तिच्यासारखी वागणारी दुसरी वस्तू तयार करणे, याला सदृशीकरण म्हणतात. लोखंडी यान असो वा संगणकातील चित्र, सदृशीकरणाचे तत्त्व एकच आहे.

१६ मार्च १९६६ रोजी ‘जेमिनी ८’ यानातून नील आर्मस्ट्राँग व डेव्हिड स्कॉट यांनी ‘एजीना’ या मानवरहित यानाशी जोडणी केली. अवकाशातील ही पहिली जोडणी होय, आणि ती हातांनी केलेली होती. ती इतकी सुरळीत झाली की सरावाचे सार्थक झाले. परंतु अर्ध्या तासाच्या आतच जोडलेली याने गिरक्या घेऊ लागली. दोष एजीनाचा असावा असे वाटून वीरांनी ते सोडून दिले, तो आपलेच यान अधिक वेगाने फिरू लागले. सेकंदाला सुमारे एक गिरकी एवढा वेग झाला. जेमिनीचेच एक झोतयंत्र बंद न होता चालू राहिले होते. आर्मस्ट्राँग यांनी परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवलेली झोतयंत्रे वापरून यान सावरले. त्या उड्डाणाला लवकर परतावे लागले, पण दोन्ही प्राण वाचले.

सोव्हिएत संघाने आरंभापासून स्वयंचलित जोडणीवर भर दिला होता. तेथे हातांनी जोडणी करण्याचा एक प्रसंग ऑक्टोबर १९६८ मध्ये आला. ‘सोयुझ ३’ मधील गिओर्गी बेरेगोवोय यांना मानवरहित ‘सोयुझ २’ जवळ जावयाचे होते. अंधारात लक्ष्ययानावरील दिव्यांची मांडणी त्यांनी चुकीची वाचली. त्यांचे यान लक्ष्याच्या मानाने उलटे, म्हणजे अर्धी कूस बदललेले राहिले आणि जोडणी होण्याआधीच त्यासाठीचे इंधन संपत आले. सहा हालचालींपैकी एका हालचालीतील चूक ओळखता न आल्याने इतर पाचांवरील ताबा निरुपयोगी ठरतो, हे या प्रसंगाने दाखविले.

६. एकच कौशल्य, दोन परिणाम

यंत्रे स्वतःच जोडणी करू लागली असताना माणसाच्या हाताला हे शिकवावयाचे कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर दोन प्रसंगांत आहे.

एप्रिल १९८४ मध्ये भारताचे राकेश शर्मा ‘सोयुझ टी-११’ यानातून ‘साल्यूत ७’ या स्थानकावर गेले व तेथे राहून परतले. पुढे फेब्रुवारी १९८५ मध्ये या रिकाम्या स्थानकाशी पृथ्वीचा संपर्क तुटला. त्यातील वीज गेली, आत बर्फ झाला आणि ते निर्जीव होऊन फिरू लागले. स्वयंचलित जोडणीसाठी दोन्ही यानांतील उपकरणांनी एकमेकांना संकेत द्यावे लागतात. मृत स्थानक कोणताच संकेत देणारे नव्हते. जून १९८५ मध्ये व्लादिमीर जानिबेकोव्ह व व्हिक्टर साविनिख हे ‘सोयुझ टी-१३’ यानातून तेथे गेले. जानिबेकोव्ह यांनी १९८२ मध्येही संगणक बिघडल्यावर हातांनी जोडणी केली होती. खिडकीतून पाहत, हातातील लेसर-अंतरमापकाने अंतर मोजत त्यांनी यान स्थानकाला अलगद टेकविले. दोघांनी आत जाऊन, कडाक्याच्या थंडीत काम करून ते स्थानक पुन्हा जिवंत केले.

दुसरा प्रसंग २५ जून १९९७ चा. ‘मीर’ या रशियन स्थानकातून वासिली त्सिब्लियेव्ह हे ‘प्रोग्रेस एम-३४’ या मालवाहू यानाची जोडणी दूरनियंत्रणाने करीत होते. ते स्वतः त्या यानात नव्हते. यानावरील कॅमेऱ्याचे चित्र त्यांच्यापुढील पडद्यावर दिसत होते व हातात दोन दांड्या होत्या. चाचणीसाठी अंतर सांगणारे रडार बंद ठेवलेले होते. पडद्यावर ढगांच्या पार्श्वभूमीवर स्थानकाचे चित्र धूसर दिसे, त्यामुळे यान किती वेगाने येत आहे हे कळेना. कळले तेव्हा उशीर झाला होता. सुमारे सात टनांचे ते यान ‘स्पेक्त्र’ या कक्षावर आदळले, कक्षाला भोक पडले आणि हवा बाहेर जाऊ लागली. त्सिब्लियेव्ह, अलेक्सांद्र लाझुत्किन व मायकेल फोल या तिघांनी त्या कक्षात जाणाऱ्या विजेच्या तारा तोडून त्याचे दार बंद केले म्हणूनच स्थानक वाचले.

या दुसऱ्या प्रसंगाकडे केवळ एका माणसाची चूक म्हणून पाहणे योग्य होणार नाही. त्सिब्लियेव्ह फेब्रुवारीत पृथ्वी सोडून गेले होते. जमिनीवरील सरावयंत्रावर त्यांचा हात बसल्याला चार महिन्यांहून अधिक काळ लोटला होता. शिवाय त्यांना अंतर व वेग हे दोन आकडेच मिळत नव्हते. शाळेतील खेळात हिरवे आकडे झाकून कोणी खेळावयास सांगितले तर काय होईल, याचा विचार केला म्हणजे त्या क्षणाची कल्पना येते. कौशल्य हातात असले तरी ते वारंवार ताजे करावे लागते, आणि हाताला अचूक माहितीची जोड असावी लागते.

७. बंगळूरुहून झालेली जोडणी

बन्नूरच्या वाचकाला जवळचे वाटेल असे उदाहरण त्याच्याच राज्यात घडले आहे. ३० डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही-सी६० या अग्निबाणाने प्रत्येकी सुमारे २२० किलोग्रॅम वजनाची दोन लहान याने सुमारे ४७० किलोमीटर उंचीच्या कक्षेत सोडण्यात आली. भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या या प्रयोगाचे नाव ‘स्पेडेक्स’. एक यान पाठलाग करणारे व दुसरे लक्ष्य, अशी त्यांची योजना होती. त्यांत माणूस नव्हता. पाच किलोमीटर, दीड किलोमीटर, ५०० मीटर, २२५ मीटर, १५ मीटर आणि ३ मीटर अशा ठरावीक टप्प्यांवर थांबत थांबत जवळ यावयाचे व शेवटी सेकंदाला सुमारे १ सेंटीमीटर एवढ्या मंद वेगाने स्पर्श करावयाचा, असा बेत होता.

जोडणीचा दिवस प्रथम ७ जानेवारी २०२५ हा ठरला होता. परंतु आदल्या दिवशी शास्त्रज्ञांना प्रयत्न मध्येच सोडून द्यावा लागेल अशी एक संभाव्य परिस्थिती आढळली. ती पुरती तपासण्यासाठी जमिनीवर आणखी सदृशीकरण करणे आवश्यक होते. म्हणून जोडणी ९ जानेवारीवर ढकलण्यात आली. नंतर २२५ मीटर अंतरावर येण्याच्या हालचालीत, याने भूकेंद्रांच्या दृष्टीआड असतानाच्या काळानंतर, ती अपेक्षेपेक्षा अधिक वाहवत गेल्याचे दिसले; तेव्हा बेत पुन्हा लांबला. १२ जानेवारीला ती १५ मीटर व मग ३ मीटर अंतरापर्यंत आणली आणि पुन्हा सुरक्षित अंतरावर नेली. अखेर १६ जानेवारी २०२५ रोजी जोडणी झाली. अमेरिका, रशिया व चीन यांच्यानंतर हे साधणारा भारत चौथा देश ठरला.

या पहिल्या जोडणीत ३ मीटर अंतरावर शास्त्रज्ञांनी जमिनीवरून हस्तक्षेप केला होता. १३ मार्चला याने विलग करण्यात आली आणि २० एप्रिल २०२५ रोजी दुसरी जोडणी झाली; त्या वेळी १५ मीटरांपासून पुढचे सर्व काम यानांनी स्वतःच केले. प्रथम माणसाने लक्ष घालावे, त्यापासून शिकावे आणि मग ते काम यंत्राच्या स्वाधीन करावे, असा हा क्रम आहे. १९६६ च्या हातांनी जे शिकले तेच पुढच्या पिढ्यांच्या यंत्रांत उतरले आहे. २६ जून २०२५ रोजी भारताचे शुभांशू शुक्ला ज्या ड्रॅगन यानाचे वैमानिक होते ते यानही आंतरराष्ट्रीय स्थानकाला आपोआपच जोडले गेले. तथापि त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी हातात सूत्रे घेण्याची वेळ आली तर काय करावे याचे शिक्षण घेतलेले होते. असे शिक्षण बहुधा वापरावे लागत नाही. आणि म्हणूनच ते घ्यावे लागते.

स्पेडेक्सचा दिवस ढकलला गेला तेव्हा अनेकांना निराशा वाटली असेल. परंतु सरावात सापडलेला दोष हा सरावाचा पराभव नसून त्याचे फळ आहे. तो दोष ७ जानेवारीला कक्षेत सापडला असता तर दोन याने गमावण्याचा प्रसंग आला असता.

८. खेळाने काय मिळते, काय मिळत नाही

शाळेतील खेळ हा अंतराळवीराच्या शिक्षणाचा एक छोटा अंश आहे. त्यात आदळलेले यान पुन्हा पहिल्या जागी येते. कक्षेतील ओढ, सूर्याचा डोळ्यांवर येणारा झगमगाट, अडकलेले झोतयंत्र, संपत आलेले इंधन किंवा मनातील भीती यांपैकी बहुतेक गोष्टी अशा सोप्या खेळात नसतात. सदृशीकरणात जे नियम घातलेले असतात तेच ते शिकविते. जे वगळले ते शिकविता येत नाही. म्हणून कोणतेही सदृशीकरण वापरताना ‘यात काय सोडून दिले आहे?’ हा प्रश्न प्रथम विचारावा.

तरीही त्याचे मोल थोडे नाही. हाताला जडत्व समजते. आकडा आणि त्या आकड्याच्या बदलाची गती यांतील भेद समजतो. उतावीळपणाची किंमत समजते. या तीन गोष्टी पुस्तकातून कळतात, पण अंगवळणी पडतात त्या सरावानेच.

९. अभ्यास

(१) संगणकाविना सराव : मैदानावर एक खुर्ची ठेवावी व तिच्या पाठीवर कागदाचे कडे बांधावे. एका विद्यार्थ्याचे डोळे बांधून त्याच्या हातात पुठ्ठ्याची नळी द्यावी. दुसऱ्याने त्याला दहा मीटरांवरून ‘पुढे एक’, ‘डावीकडे एक’ अशा आज्ञा द्याव्यात. नियम असा की, मिळालेली गती उलट आज्ञा येईपर्यंत तशीच चालू ठेवावयाची. नळी कड्यात अलगद गेली तर जोडणी झाली. मग आज्ञा देणाऱ्याने अर्धा मिनिट गप्प राहावे, म्हणजे दृष्टीआड झालेल्या यानाची स्थिती अनुभवास येईल. सोबतच्या एका मुलाने वाट मोकळी ठेवून अपघात होणार नाही याची काळजी घ्यावी.

(२) एक यान स्थानकाहून २० मीटर खालच्या कक्षेत आहे. एका प्रदक्षिणेत ते सुमारे किती पुढे जाईल? (चौथ्या विभागातील १० मीटरांचे उदाहरण पाहावे.)

(३) १५ मीटर अंतर सेकंदाला १ सेंटीमीटर वेगाने कापण्यास किती मिनिटे लागतील? तेवढा वेळ घड्याळ लावून स्वस्थ बसून पाहावे.

(४) ‘साल्यूत ७’ व ‘मीर’ या दोन प्रसंगांत जोडणी करणाऱ्यास कोणती माहिती मिळत होती व कोणती मिळत नव्हती, याचे कोष्टक तयार करावे.

कावेरीचा नावाडी पुढचे वल्हे मारण्यापूर्वी क्षणभर थांबतो. पाहणाऱ्याला तो काहीच करीत नाही असे वाटते. वस्तुतः होडी धक्क्याला अलगद लागते ती त्या थांबण्यामुळेच. आणि कक्षेत दोन याने भेटतात तीही अशीच.